आधी आमचं म्हणणं सांगून दाखवा

सॅन फ्रान्सिस्कोत ११ फेब्रुवारी २०१९ रोजी एका यंत्राने भरसभेत माणसाशी वाद घातला. आयबीएम कंपनीच्या या यंत्राचं नाव ‘प्रोजेक्ट डिबेटर’. समोर होता हरीश नटराजन, कसलेला वादपटू. २०१२ ची युरोपीय स्पर्धा जिंकलेला आणि २०१६ च्या जागतिक स्पर्धेत अंतिम फेरी गाठलेला. बालवाड्यांना सरकारने अनुदान द्यावं की नाही, हा विषय दोघांनाही फक्त पंधरा मिनिटं आधी कळवण्यात आला. चार मिनिटं मांडणी, चार मिनिटं खंडन आणि दोन मिनिटं समारोप. यंत्र अनुदानाच्या बाजूने बोललं, नटराजन विरोधात.

वाद सुरू होण्यापूर्वी सभागृहातले ७९ टक्के लोक अनुदानाच्या बाजूने होते आणि १३ टक्के विरोधात. वाद संपला तेव्हा बाजूचे ६२ टक्क्यांवर उतरले होते, विरोधातले ३० वर गेले होते. नटराजन जिंकला. पण त्याच श्रोत्यांना आणखी एक प्रश्न विचारला होता: तुमच्या माहितीत जास्त भर कोणी घातली? त्यावर ५८ टक्के लोकांनी यंत्राचं नाव घेतलं आणि फक्त २० टक्के लोकांनी माणसाचं.

मी सांगली जिल्ह्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते आणि वादविवाद स्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घेते. स्पर्धेचा मोसम सुरू झाला की हे चार-सहा आकडे मी फळ्यावर लिहिते आणि मुलांना विचारते, ज्याने जास्त शिकवलं तो हरला कसा? मुलं आधी आवाजाचं कारण सांगतात, मग हावभावांचं. ते काही अंशी खरं आहे. पण त्या वादाचं चित्रीकरण नीट पाहिलं की खरी गोष्ट सापडते. यंत्राने एकामागून एक संशोधनं सांगितली. नटराजनने सुरुवातीलाच बरंच काही कबूल करून टाकलं: गरिबी वाईट, बालवाडीचा मुलांना उपयोग होतो, मान्य. त्यानंतर त्याने वाद एका जागी आणून उभा केला. सरकारकडे पैसा मोजका असतो. एखादी गोष्ट चांगली आहे एवढ्यावरून पैसा तिथेच घालावा असं ठरत नाही, आणि हे अनुदान शेवटी मध्यमवर्गाच्याच पदरात पडेल. यंत्राने यालाही उत्तर दिलं, पण मला ते वरवरचं वाटलं. प्रतिस्पर्ध्याने नेमकं कुठे बोट ठेवलंय हे त्याला उमगल्यासारखं दिसलं नाही.

ते यंत्र इस्रायलमधल्या हैफाच्या प्रयोगशाळेत घडत होतं. नोआम स्लोनिम या संशोधकाने २०११ मध्ये कल्पना मांडली, त्यानंतर सभेत उभं राहण्याइतकं ते तयार व्हायला सात वर्षं लागली. वर्तमानपत्रांतले सुमारे ४० कोटी लेख पोटात घेऊन त्यांतली वाक्यं वेचून ते बोलायचं. आज त्याहून कितीतरी सफाईने बोलणारं यंत्र माझ्या अकरावीतल्या मुलांच्या खिशात आहे, आणि ते मराठी बोलतं. त्यामुळे यंत्राला वाद घालता येतो का, हा प्रश्न आता उरला नाही. जगभरच्या प्रयोगशाळांतून सध्या काम चाललं आहे ते या यंत्राचं म्हणणं लोकांना अधिक कसं पटेल, यावर. माझा त्याला विरोध नाही. पटवून देणं ही चांगली विद्या आहे, माझा पगार त्याच विद्येवर चालतो. पण ही ताकद कोणत्या वाटेने वाढवायची, यावर आपण मराठी बोलणाऱ्यांनीही बोललं पाहिजे, कारण ती आपल्यावरही चालवली जाणार आहे.

एक वाट आहे समोरच्याची माहिती काढण्याची. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या संशोधकांचा अभ्यास मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी ९०० माणसांना छोट्या छोट्या वादांत उतरवलं. काहींच्या समोर माणूस होता, काहींच्या समोर जीपीटी-४ हे यंत्र. समोरच्याबद्दल काहीच ठाऊक नसताना यंत्र माणसाच्या फार पुढे गेलं नाही. वय, लिंग, वंश, शिक्षण, नोकरी आणि राजकीय कल एवढी माहिती त्याला पुरवली, तेव्हा मात्र चित्र पालटलं. ज्या वादांत दोघांत उजवं-डावं करता आलं, त्यांतल्या ६४.४ टक्के वादांत यंत्राचं म्हणणं जास्त पटलं.

हे वाचून मी आमच्या तालुक्याचा विचार केला. तिकडे संशोधकांना सहा गोष्टी फॉर्म भरून विचाराव्या लागल्या. आपल्याकडे आडनाव आणि गाव कळलं की जात कळते, बहुतेक वेळा गट कळतो, कोणत्या कारखान्याला ऊस जातो तेही कळतं. फोनमधल्या यंत्राला माझं आडनाव ठाऊक असतंच. सोसायटीच्या निवडणुकीत अशा यंत्राने प्रत्येक सभासदाशी त्याच्या बोलीत, त्याच्या घरचं दुखणं ओळखून स्वतंत्र बोलायला सुरुवात केली, तर एकाला काय सांगितलं हे दुसऱ्याला कळणारच नाही. सभेत बोललेलं सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्याला कोणीतरी उठून उत्तर देऊ शकतो. कानात सांगितलेल्याला उत्तर देणारा कोणी नसतो.

दुसरी वाट माहितीच्या माऱ्याची. डिसेंबर २०२५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ब्रिटनमधल्या सुमारे ७७ हजार लोकांवर केलेला एक प्रचंड अभ्यास आला. त्यात १९ वेगवेगळी यंत्रं आणि ७०७ राजकीय प्रश्न होते. वैयक्तिक माहितीचा उपयोग इथे फारसा दिसला नाही. मतं सर्वांत जास्त हलली ती यंत्राने दाव्यांवर दावे आणि आकड्यांवर आकडे ओतले तेव्हा. आणि ज्या रीतींनी यंत्र जास्त पटवणारं झालं, त्याच रीतींनी त्याचं बोलणं कमी खरं झालं. हा निष्कर्ष मी वाचला तेव्हा मला फार वाईट वाटलं. परीक्षक म्हणून बसलेल्या कोणालाही हा वक्ता ओळखीचा आहे. तो मिनिटाला पाच आकडे फेकतो, टाळ्या घेतो, आणि त्यातला एकही आकडा तपासायला कोणाला उसंत मिळत नाही.

तिसरी वाट सोंगाची. झुरिच विद्यापीठाच्या काही संशोधकांनी २०२४-२५ मध्ये रेडिट या संकेतस्थळावर, लोक आपली मतं तपासून घ्यायला येतात अशा एका ठिकाणी, कोणालाही न सांगता यंत्राकडून हजारावर उत्तरं लिहून घेतली. एखादं यंत्र स्वतःला बलात्काराला बळी पडलेली व्यक्ती म्हणवत होतं, एखादं समुपदेशक. हे उघड झाल्यावर लोक संतापले आणि संशोधकांनी ते निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचं ठरवलं. यावर जास्त लिहिण्याची गरज नाही. खोटं दुःख सांगून मत बदलणं ही फसवणूक आहे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने, आपण यंत्राशी बोलतो आहोत हे माणसाला कळवण्याचं बंधन घातलं आहे. आपल्याकडेही तसंच स्पष्ट बंधन हवं.

आता माझ्या वर्गातलं सांगते.

तयारीसाठी विषय घेतला होता, ‘ऊस ठिबकवरच घेण्याची सक्ती असावी’. एक मुलगी प्रतिकूल बाजूने उभी होती. बाकावर फोन ठेवला आणि यंत्राला अनुकूल बाजू दिली. मुलगी शेतकऱ्याची, घरचं बोलली. आमची विहीर तीन भावकींत सामाईक आहे. मोटर चालवायची आमची पाळी आठवड्यातून दोन दिवस, त्यातही लाईट बऱ्याचदा रात्रीची. ठिबकला रोज थोडं थोडं पाणी लागतं. उरलेले पाच दिवस ते कुठून आणायचं? शिवाय उंदीर नळ्या कुरतडतात, क्षाराने छिद्रं बुजतात, आणि ऊस तुटताना टोळीच्या कोयत्याखाली निम्म्या नळ्या जातात, त्याचा खर्च कोण देणार?

यंत्र म्हणालं, तुमचा मुद्दा अतिशय महत्त्वाचा आहे. मग त्याने सहा मुद्दे मांडले: पाण्याची बचत, खताची बचत, मजुरीची बचत, उत्पादनात वाढ, जमिनीचं आरोग्य, सरकारी अनुदान. प्रत्येकाला टक्केवारी जोडलेली. पाळीबद्दल अवाक्षर नाही. मुलीने पाळीचा प्रश्न पुन्हा विचारला. यंत्र म्हणालं, आपण अगदी बरोबर बोलत आहात, सक्ती अन्यायकारक ठरू शकते. म्हणजे त्याने आपली बाजूच सोडून दिली. उत्पादनवाढीची टक्केवारी कोणत्या अहवालातली, असं मागच्या बाकावरून एकाने विचारलं, तर त्याने दिलगिरी व्यक्त केली आणि दुसराच आकडा दिला.

मग मी वर्गातल्या एका मुलाला अनुकूल बाजूने उभं केलं. तो तिला म्हणाला, ‘तुझं म्हणणं असं, की पाणी कमी पडत नाही, पाळी आड येते. बरोबर?’ ती हो म्हणाली. ‘मग तुझ्या एकटीच्या बापाने ठिबक केलं तर ते चालणारच नाही. पण तिन्ही घरांनी केलं, तर प्रत्येकाला मोटर थोडाच वेळ लागेल आणि तिघांची पाळी रोज बसेल. एकट्याला जे परवडत नाही ते सगळ्यांनी केलं तर परवडतं, आणि सगळे आपणहून करत नाहीत. म्हणून सक्ती.’

वर्गात क्षणभर कोणी बोललं नाही. मुलगी म्हणाली, ‘पाळीचं उत्तर मिळालं. लाईटचं आणि नळ्यांच्या खर्चाचं नाही मिळालं.’ वादाची यापेक्षा चांगली फेरी मी क्वचितच ऐकली आहे. तिचा एक मुद्दा सुटला होता, दोन उभे होते, आणि कोणते दोन ते दोघांनाही नेमकं ठाऊक होतं. त्या मुलाकडे माहिती यंत्राच्या पासंगालाही पुरणार नाही एवढीच होती.

तास तिथेच संपवता आला असता, पण मला एक गोष्ट करून पाहायची होती. मी यंत्राला नवी अट घातली: आधी तिचं म्हणणं एका वाक्यात सांग, तिने होकार दिला तरच पुढे जा, एका वेळी एकच मुद्दा मांड, ज्याचा आधार देता येत नाही तो आकडा घेऊ नको आणि पटल्याशिवाय बाजू सोडू नको. या वेळी त्याने पाळीची अडचण बरोबर सांगितली, आणि मग तिलाच विचारलं, की पाळीचे दिवस वाटताना प्रत्येक घराचं रान किती आहे याचा हिशोब धरला आहे का? ती थबकली. हिशोब धरलेला नव्हता, आजोबांच्या वेळची वाटणी तशीच चालू होती. त्यावर दोघांचं बराच वेळ बोलणं झालं, आणि ते बोलणं ऐकण्यासारखं होतं.

म्हणजे हे यंत्राला जमतं. त्याला तसं घडवावं लागतं, एवढंच.

शास्त्रीय पुरावाही याच बाजूने बोलतो. सप्टेंबर २०२४ मध्ये कॉस्टेलो, पेनिकूक आणि रँड या तिघांचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला. कोणत्या ना कोणत्या कटकारस्थानाच्या कहाणीवर विश्वास असलेली २,१९० अमेरिकी माणसं. प्रत्येकाने आपला विश्वास आणि त्यामागचं कारण स्वतःच्या शब्दांत लिहिलं, आणि यंत्राने तीन फेऱ्यांत नेमक्या त्याच कारणाला उत्तर दिलं. विश्वास सरासरी २० टक्क्यांनी उतरला आणि दोन महिन्यांनंतरही तो पुन्हा वर गेला नव्हता. यंत्राने केलेल्या दाव्यांतले १२८ एका तज्ज्ञाकडून तपासून घेतले, त्यात एकही खोटा निघाला नाही. अशा माणसांपुढे तर्क चालत नाही, असं आजवर समजलं जायचं. तर्क चालला, कारण तो त्यांच्या शंकेला धरून होता. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आयुष्य घालवलेल्या आपल्याकडच्या कार्यकर्त्यांना हे नवं वाटणार नाही. अंगात येणाऱ्या बाईला चारचौघांत खोटं पाडून काही साधत नाही, तिच्या ओट्यावर बसून तिची अडचण ऐकली तर पुढचं बोलणं होतं, हे ते कधीपासून सांगत आले आहेत.

आपल्या परंपरेने तर याचे नियमच करून ठेवले आहेत. गौतमाच्या न्यायसूत्रांत वाद, जल्प आणि वितंडा असे चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद, काहीही करून जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची मोडत राहणं ती वितंडा. त्याच ग्रंथात शेवटी २२ निग्रहस्थानं सांगितली आहेत, म्हणजे जिथे वादी हरला असं धरायचं त्या जागा. त्यातल्या दोन मी मुलांकडून पाठ करून घेते. एक अननुभाषण: सभेला कळलेलं, तीनदा सांगून झालेलं प्रतिपक्षाचं म्हणणं ज्याला पुन्हा सांगता येत नाही, तो हरला. दुसरं अधिक: एका कारणाने भागत असताना जो कारणांचा आणि उदाहरणांचा ढीग लावतो, तोही हरला. माझ्या वर्गात पहिल्या फेरीत यंत्र या दोन्ही ठिकाणी हरलं होतं. ब्रिटनच्या अभ्यासात जे सर्वांत परिणामकारक ठरलं, ते न्यायशास्त्राच्या हिशोबाने पराभवाचं लक्षण आहे. मला न्यायशास्त्राचा निवाडा मान्य आहे. श्रोत्यांचे हात किती वर गेले एवढंच मोजलं, तर माऱ्याला बक्षीस मिळत राहणार आणि यंत्रं मारा करायलाच शिकणार.

यावर एक आक्षेप मला एका स्नेह्याने घेतला. लसीकरण असो, व्यसनमुक्ती असो, हेतू चांगला असेल तर यंत्राने मिळेल ती ताकद का वापरू नये? माझं उत्तर असं की हेतू चांगला आहे हे ठरवणारा तो यंत्राचा मालक असतो, आणि उद्या मालक बदलतो. चुकीच्या आकड्याने एकदा लस घ्यायला लावलेल्या माणसाला तो आकडा खोटा होता हे कळलं, तर पुढच्या वेळी तो खऱ्या आकड्यावरही विश्वास ठेवत नाही. गावात आरोग्यसेविकेला त्याची किंमत मोजावी लागते, यंत्राला नाही.

शिक्षक म्हणून मला या यंत्राकडून फार मोठी आशा आहे, तीही सांगते. पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांत मुलांना सरावाला तयारीचे प्रतिस्पर्धी मिळतात, जुने विजेते येऊन शिकवून जातात. आमच्याकडे संघात दोनच मुलं असतात, आणि ती एकमेकांचे मुद्दे तोंडपाठ झाल्यावर कंटाळतात. एसटीची वेळ झाली की तालीम थांबते. रात्री घरी बसून, कुठल्याही विषयावर, दोन्ही बाजूंनी, न थकता वाद घालणारा चांगला प्रतिस्पर्धी मिळाला, तर आटपाडी-जतची मुलं कोणत्याही व्यासपीठावर टिकतील. पण तो प्रतिस्पर्धी हो ला हो करणारा असेल तर त्यांचा घात होईल, आणि आकड्यांनी दडपणारा असेल तर ती गप्प बसायला शिकतील. अनुकूल-प्रतिकूल दोन्ही बाजू तळमळीने मांडता येणारं मूल पुढे कोणाच्याही बोलण्याला सहज भुलत नाही, म्हणून तर या स्पर्धा घ्यायच्या असतात.

म्हणून मराठीतून बोलणारी यंत्रं घडवणाऱ्यांना माझी विनंती आहे. तुमच्या यंत्राची परीक्षा घेताना किती लोकांनी मत बदललं हे जरूर मोजा, पण त्याआधी आणखी दोन गोष्टी मोजा: त्याने समोरच्याचं म्हणणं समोरच्याला मान्य होईल असं सांगितलं का, आणि त्याने दिलेला प्रत्येक आकडा तपासल्यावर टिकला का. माणसाचं आडनाव, गाव, वय त्याच्यापासून दूर ठेवा. मी यंत्र आहे, हे त्याला पहिल्याच वाक्यात सांगू द्या. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थांनीही गुणपत्रकात एक रकाना वाढवावा, प्रतिपक्षाचा मुद्दा अचूक सांगण्याला निदान दहा गुण द्यावेत, म्हणजे माणसांनाही तीच सवय लागेल. आणि ज्या यंत्राला शेतकऱ्याच्या पोरीचा पाळीचा प्रश्न धड सांगता येत नाही, ते कितीही मतं फिरवत असलं तरी शाळा-महाविद्यालयांत आणू नका.